मुलतानीची वेळ भाषणात घालवू नका

सांगलीतल्या आमच्या संगीत मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र
(ज्या ज्या गावात असं मंडळ आहे, तिथल्या कार्यकारिणीनेही वाचायला हरकत नाही.)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह, कोशाध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,

स. न. वि. वि.

वार्षिक सभेची सूचना पोचली. त्यातला पाचवा विषय असा: ‘रविवारी दुपारी होणारी विनामाइक बैठक बंद करून त्याऐवजी सायंकाळी ध्वनिक्षेपकासह कार्यक्रम घेण्याबाबत विचारविनिमय.’ आपल्याकडे ‘विचारविनिमय’ असं छापून आलं की निर्णय झालेला असतो, हे आता नवीन सभासदांनाही ठाऊक आहे. सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात माझं म्हणणं मावायचं नाही, म्हणून हे पत्र. दुपारची बैठक दुपारीच राहू द्या आणि तिथे माइक आणू नका, एवढंच मागणं आहे.

डिसेंबरातल्या बैठकीला कार्यकारिणीतले मोजकेच जण हजर होते. लग्नसराई होती, मान्य. पण ज्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा ती निदान कशी झाली, हे तरी तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

साडेतीनला दारं उघडली. पंखे बंद होते, खिडक्यांना जाड पडदे, फरशीवर जाजम आणि त्यावर सतरंज्या. ज्यांना मांडी घालून बसवत नाही त्यांच्यासाठी कडेने खुर्च्या. कलाकारांना हॉलच्या टोकाच्या स्टेजवर न बसवता लांब भिंतीच्या मधोमध तक्तपोसावर गादी घातली होती आणि श्रोते तिन्ही बाजूंनी. ही मांडणी ज्यांनी सुचवली त्यांचे आभार सभेत कुणी मानणार नाही, म्हणून इथे मानते. कारण त्यामुळे शेवटची ओळही कलाकारांपासून पंचवीस फुटांच्या आत आली. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती आणि छत तो बराचसा परत देतात, पण तरी गाणाऱ्याच्या जवळ बसण्याला पर्याय नाही.

पहिला अर्धा तास सभासदांचा होता. बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या एका सभासदांनी नाट्यपद म्हटलं, पेटीही स्वतःच धरली. नववीतली एक मुलगी भीमपलास गायली. सुरुवातीची दोन-तीन आवर्तनं तिचा आवाज दबलेलाच होता, अर्धा श्वासातच राहत होता. तबलजींनी ते ओळखलं. त्यांनी ठेका हलका केला, चाटेवरचं, म्हणजे तबल्याच्या कडेवरचं, बोट जवळजवळ उचलूनच घेतलं, डग्ग्याची घूम आवरली. मुलीला स्वतःचा आवाज ऐकू यायला लागला आणि तिसऱ्या मिनिटाला ती समेवर अशी आली की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून कुणीतरी ‘वा, बेटा’ म्हणालं. तिलाही ते ऐकू गेलं. तिने मान खाली घालून हसून घेतलं आणि पुढचा आलाप आधीपेक्षा मोकळा घेतला.

संध्याकाळच्या माइकच्या कार्यक्रमात या मुलीला जागा कुठे आहे? साउंडवाला पाचला येणार, सहापर्यंत ‘हॅलो, चेक’ करणार, त्यातही मुख्य कलाकारांचं मॉनिटर जमेपर्यंत वेळ जाणार. तिला ‘वेळेअभावी’ वगळलं जाईल. वगळलं नाही तरी माइकवर तिचा प्रत्येक कापरा स्वर चौपट मोठा होऊन बाहेर येईल, आणि ती पुन्हा कधी गाणार नाही. माइकशिवाय हौशी माणसाला गाता येतं, कारण तिथे उभं राहायला यंत्रणा लागत नाही, फक्त एक तंबोरा आणि थोडा धीर लागतो. निवृत्त सभासदांच्या पदात एक जागा सरळसरळ चुकली. पेटीने ती झाकली आणि पेटी वाजवणारेही तेच असल्याने सगळे मनापासून हसले. मंडळ मंडळ म्हणतो ते हेच ना? बाहेरून कलाकार आणून तिकीट लावायचं तर ते काम कुठलाही इव्हेंटवाला आपल्यापेक्षा चांगलं करतो.

मग सारंगीचं एकलवादन झालं. सारंगीला वाजवायच्या मुख्य तारा तीन आणि खाली पस्तीसेक तरफा. गज फिरतो मुख्य तारांवर, आणि तरफा आपापल्या स्वरावर आपोआप बोलतात. माइकमधून सारंगी ऐकणाऱ्यांना गजाचा आवाज मिळतो, थोडा किरकिरा. तरफांचा झंकार हवेत पसरलेला असतो, तो घोड्याजवळ लावलेल्या माइकमध्ये शिरतो तेवढाच शिरतो. त्या दुपारी वादकाने गज उचलल्यावरही स्वर हॉलमध्ये रेंगाळत होता. माझ्या शेजारच्या काकू, ज्या एरवी कार्यक्रमात भाजी निवडल्यासारखं मोबाइलवर बोट फिरवत असतात, त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. मी काही बोलले नाही.

आता मुलतानी या दुपारच्या रागाकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

मुख्य गायिका पावणेपाचला बसल्या. त्याआधी अर्धा तास त्या आतल्या खोलीत दोन्ही तानपुरे लावत होत्या. घोडीवर तारेखाली दोऱ्याचं टोक सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलवणं चाललं होतं, किंचित पुढे, किंचित मागे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असताना हे कशाला, असं आपल्यातल्या एकाने विचारलं म्हणे. बाहेर येऊन दोन तानपुरे मागे वाजायला लागले तेव्हा त्याचं उत्तर मिळालं असेल. त्या आवाजात षड्जाबरोबर गांधार आपसूक ऐकू येतो. डबीतून तो येत नाही असं नाही, पण त्या एवढ्याशा स्पीकरमधून तो गाणाऱ्याला वेढत नाही.

मुलतानीचे स्वर तोडी रागाचेच. रिषभ, गांधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र. तोडी सकाळची, मुलतानी दुपार कलतानाची. फरक सगळा चलनात आणि लगावात, म्हणजे स्वरांच्या चालीत आणि ते लावण्याच्या पद्धतीत. मुलतानीत आरोहात रिषभ-धैवत नाहीत, ते भेटतात फक्त उतरताना, आणि तेव्हाही रिषभावर थांबायचं नाही, त्याला स्पर्श करून षड्जावर यायचं. गांधार तीव्र मध्यमाचा हात धरून येतो. रिषभावर जरा जास्त रेंगाळलात की तोडी डोकावते. बाईंनी त्या कोमल रिषभाला पहिल्यांदा स्पर्श केला तो इतका हळू, की ऐंशी माणसं पुढे झुकली. त्या कुजबुजीएवढ्या स्वरातून वर जात जात पंचमावर आल्या तेव्हा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. तेवढी चढउतार माइकवर होत नाही. म्हणजे गायक करतो, पण ऑपरेटर हळू स्वराला बटण वर सरकवतो आणि मोठ्या स्वराला खाली, की झालं सगळं सपाट. उत्तम माइक आणि जाणता ऑपरेटर असेल तर असं होत नाही, हेही खरं. पण आपल्याला परवडतो तो ऑपरेटर शनिवारी हळदीचा कार्यक्रम करून आलेला असतो आणि त्याच्या मिक्सरवर ‘इको’ कायमचा चालू असतो. त्याची चूक नाही. त्याला पैसे तेवढेच मिळतात.

आता वेळेचं. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मांडणीप्रमाणे दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार, आणि रागाची वेळ त्यांवरून ठरलेली. आपल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची वेळ साडेसहा ते साडेनऊ. त्यात बसतात पूरिया, यमन, पूरिया कल्याण, फार तर शेवटी बागेश्री. गेली कित्येक वर्षं आपल्या मंडळात यमन किती वेळा झाला ते कार्यवाहांनी जुनं दप्तर काढून पाहावं. यमनाबद्दल माझी तक्रार नाही, यमन ऐकून कुणी मेलेलं नाही. पण शुद्ध सारंग, गौड सारंग, वृंदावनी सारंग, भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी या सगळ्यांची वेळ आपण जेवून झोपण्यात घालवतो. मुलं संगीत परीक्षेच्या पहिल्या काही वर्षांतच भीमपलास आणि वृंदावनी सारंग शिकतात आणि मग ते राग समोर बसून, पुऱ्या विस्ताराने, जाणत्या गळ्यातून कधीही ऐकत नाहीत. यूट्यूबवर ऐकतात, इअरफोन लावून, रात्री अकराला.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचं उदाहरण घ्या. १९५३ पासूनचा हा महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा, लोक पहाटेचे राग ऐकून घरी जायचे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. मधले काही सवलतीचे दिवस सोडले तर रात्र गेली ती गेली. जुने श्रोते अजून हळहळतात. पण त्याच कारणाने महोत्सव दुपारी सुरू व्हायला लागला, आणि पहिल्या कलाकाराच्या वाट्याला मुलतानी, भीमपलास, मधुवंती आले. कायद्याने रात्र काढून घेतली आणि दुपार हातात ठेवली. आपल्यावर तर तसलं बंधनही नाही. माइकच नाही म्हटल्यावर कसली परवानगी आणि कुठलं पोलीस ठाणं? तरीही आपण आपणहून दुपार परत द्यायला निघालोय.

आणि हे मी सांगलीत सांगते आहे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात केली, तिथे त्या काळी माइक कुठला? पुढे संगीत नाटकवाले भरल्या नाट्यगृहात गायचे आणि पिटातल्या शेवटच्या बाकावरचा माणूस ‘वन्समोअर’ द्यायचा. दहा-बारा किलोमीटरवरच्या मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७ साली ते गेले, मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे गायक-वादक अजून हजेरी लावतात. खाँसाहेबांचा आवाज पहाडी नव्हता. बारीक, गोड, सुईच्या टोकाचा. तो लोकांना ऐकू यायचा, कारण लोक गप्प बसत आणि जवळ बसत.

आता आक्षेपांबद्दल, म्हणजे जे माझ्या कानावर आले त्यांच्याबद्दल.

मागच्यांना ऐकू येत नाही, हा पहिला. मागे बसणाऱ्यांपैकी काहींना खरोखर ऐकू येत नाही, कारण त्यांची वयं ऐंशीच्या पुढे आहेत आणि श्रवणयंत्रं आहेत. त्यांच्यासाठी तक्तपोसाच्या दोन्ही अंगांना पहिल्या खुर्च्या राखून ठेवा, पाटी लावून. सध्या तिथे प्रायोजकांचे पाहुणे बसतात आणि मध्यंतरात चहा पिऊन निघून जातात. बाकीच्यांना ऐकू न येण्याचं कारण दाराशी चाललेल्या गप्पा. त्यात कार्यकारिणीचा वाटा किती, हे लिहीत नाही.

दुसरा आक्षेप, कलाकार माइक मागतात. काही मागतात, कारण आयुष्यभर माइकवर गायल्यामुळे त्यांचा आवाज तसा घडलेला असतो. त्यांना वार्षिक महोत्सवाला बोलवा. तिथे नाट्यगृह मोठं आहे, तिथे मी माइकविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. दुपारच्या बैठकीचं आमंत्रण देतानाच स्पष्ट सांगा: हॉल एवढा, माणसं एवढी, माइक नाही, दोन चांगले तानपुरे आमच्याकडून. डिसेंबरातल्या बाईंनी तर हे ऐकून मानधनाची रक्कम पुन्हा विचारलीसुद्धा नाही, असं कार्यवाहांनीच सांगितलं होतं.

रविवारी दुपारी लोक झोपतात, हा तिसरा. झोपतात. रविवारच्या जेवणानंतर आमच्या घरीही वामकुक्षी हा धर्म आहे. मग बैठक साडेतीनऐवजी चारला ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चारच महिन्यांत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसणं सांगलीत शक्य नाही आणि पंखा लावला की विनामाइक बैठकीत अर्थ उरत नाही, हे मलाही कळतं. पावसाळ्यात हॉलच्या पत्र्यावर सर आली की गाणं आणि तबला दोन्ही बुडतात, त्यात दमट हवेने तबला उतरतो तो वेगळाच. म्हणजे वर्षाला चार बैठका. चार दुपारी मागते आहे, बारा नाही.

प्रायोजकांचा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते सूचनेतल्या पाचव्या विषयाच्या मुळाशी तोच आहे. त्यांना संध्याकाळ हवी, दिव्यांचा झगमगाट हवा, मागे फ्लेक्स हवा आणि मध्यंतरात चार शब्द बोलायला मिळावेत. बोलू द्या, पण वार्षिक महोत्सवात. दुपारच्या बैठकीचा खर्च किती हो? माइकचं भाडं नाही, स्टेज नाही, जनरेटर नाही. राहतं कलाकारांचं मानधन, त्यांचा प्रवास आणि चहा. वर्गणीतून आणि दारातल्या पेटीतून एवढं निघतं की नाही, हे कोशाध्यक्षांनी ताळेबंद समोर ठेवून सभेला सांगावं. नाही निघालं तर वर्गणी वाढवा. आम्ही कुरकुरू आणि देऊ.

भाषणांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणं भाग आहे. मागच्या हिवाळ्यात, म्हणजे माइक असतानाच्या काळात, एकदा आपण दुपारी पाचचा कार्यक्रम ठेवला होता. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, मग परिचय करून देणाऱ्यांचा सत्कार. गायक पाच वाजल्यापासून मुलतानी मनात धरून आत बसले होते. त्यांना गादीवर जागा मिळाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ते मिनिटभर तानपुऱ्याच्या खुंट्या पाहत राहिले, साथीदारांकडे वळून काहीतरी म्हणाले आणि पूरिया धनाश्री सुरू केला. छान झाला. पण मुलतानी आपण भाषणात घालवला, हे सभागृहातल्या ज्यांना कळायचं त्यांना कळलं. डिसेंबरातल्या बैठकीत माइकच नव्हता, तर प्रास्ताविक दोन वाक्यांत उरकलं. घसा ताणून सत्कार करायला कुणालाच नको असतं. माइक नसण्याचा हा फायदा एकटाच मला पुरेसा आहे.

तर सभेपुढे ठेवायचा ठराव मी असा सुचवते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एक रविवार, दुपारी चार ते सूर्यास्त, माइकशिवाय. पहिला अर्धा तास सभासदांचा, नावं आधी नोंदवून. पंखे बंद, फोन बंद, दार चारला लावायचं आणि उशिरा येणाऱ्यांनी दोन रागांच्या मध्ये आत यायचं, मग ते कुणीही असोत. सत्कार शेवटी, तोही चहाबरोबर. ठरावाला अनुमोदन द्यायला निदान नववीतल्या त्या मुलीचे वडील येणार आहेत, त्यांनी तसं मला सांगितलं आहे.

एक काम मात्र सभेची वाट न पाहता व्हायला हवं. मंडळाच्या दोन तानपुऱ्यांपैकी मोठ्याची जवारी पार बसली आहे. डिसेंबरात बाईंना दोऱ्याने कसंबसं भागवावं लागलं, आणि एक खुंटी सारखी घसरत होती. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी घराणी आहेत. पूर्वी हत्यारं घडवणारे शिकलगार, पुढे तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं दारात असताना आपला तानपुरा अशा अवस्थेत कपाटावर पडून असावा, हे बरं दिसत नाही. गवसणीही फाटली आहे, ती मी घरी शिवते. तानपुरा मिरजेला नेऊन आणायचं कामही माझ्याकडे द्या, फक्त जाताना रिक्षात धरायला एक माणूस सोबत लागेल. पावती कोशाध्यक्षांच्या नावाने आणते.

आपली नम्र,
एक आजीव सभासद
(खाली सतरंजीवर, डाव्या हाताला, दुसरी ओळ)